तीसपैकी अठरा

३ मार्च

वहिनी,

तुमच्या नावामागे ‘सौ.’ लावावं की नाही, यात माझी पाच मिनिटं गेली. सात वर्षं नवऱ्याचं तोंड न बघणाऱ्या बाईला काय लिहितात, ते मला कुणी शिकवलेलं नाही. म्हणून नुसतं ‘वहिनी’, तेही सवयीने. नमस्कार केला असं धरून चाला.

लिहायचं कारण तुम्ही नाही. कालच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर चिंगीचा फोटो आहे, शाळांच्या फुटबॉल सामन्यातला. सगळ्या पोरींच्या वर हवेत, डोळे मिटलेले, मान ताणलेली आणि चेंडू बरोबर कपाळाच्या मध्यावर. खाली नाव तुमच्या माहेरच्या आडनावाने छापलंय, म्हणून आधी लक्षात आलं नाही. मग चष्मा पुसून पाहिलं तर दादाच! वेणी घातलेला दादा. पोरीला उचलून एवढं लांब नेलंत, आडनाव बदललंत, पण डोकं नाही बदलता आलं तुम्हाला. खाण तशी माती म्हणतात. नशीब पोरीचं, खाण तुमची निघाली नाही.

तुम्हाला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. कारखान्याचं अख्खं मैदान ‘हातोडा, हातोडा’ म्हणून ओरडायचं तेव्हा तुम्ही विणकाम घेऊन बसायचात. कॉर्नरवरून आलेला चेंडू दादाने डोक्याने परतवला की पलीकडच्या भिंतीवर आपटून परत यायचा. सरावाला दोरीने चेंडू टांगलेला असायचा, रोज शंभर वेळा डोकं मारायचं आणि मोजायला मी उभी. तुम्ही एकदा विचारलं होतंत, ‘दुखत नाही का हो?’ आम्ही दोघं भावंडं आठवडाभर हसलो होतो.

विचारलं नाहीत तरी सांगते, दादा मजेत आहे. वर्कशॉपमधलं लेथचं काम सुटलं, आधी त्याला हत्यारांच्या खोलीत बसवलं होतं आणि आता बराचसा वेळ घरीच असतो. घर मी बघते. कपाटांवर ‘कप’, ‘औषधं’, ‘इथे काही नाही’ अशा चिठ्ठ्या डकवल्यात, चाळिशी जवळ आली की माझ्याच लक्षात राहत नाही. दवाखान्यात कामाला जाताना गॅसची कळ काढून बरोबर नेते, ढिली झालीय म्हणून. फोटो दाखवला तर दादा त्यावर बोट ठेवून म्हणाला, ‘कोण गं हा पोरगा? चांगला उडतो.’ थट्टेची सवय अजून गेलेली नाही त्याची.

आत चिंगीसाठी वेगळी चिठ्ठी आहे. ती तिलाच द्या. तुमच्या कामाची नाही.

(आतली चिठ्ठी)

चिंगे,

तुझी आत्या बोलतेय. फोटो पाहिला. शाब्बास! आता मोठ्या संघात घेतील. घेण्याआधी डॉक्टर एक पेपर देतील, तीस गुणांचा. मी इथल्या कारखान्याच्या दवाखान्यात कारकून आहे, हा पेपर वीस वर्षं माझ्याच हातून जातोय, म्हणून नीट ऐक.

दहा शब्द वाचून दाखवतील आणि थोड्या वेळाने परत विचारतील. बारा महिने उलटे म्हणायला लावतील. शंभरातून सात-सात वजा करायला सांगतील. डोळे मिटून एका पायावर उभं करतील. तिथे हुशारी दाखवू नकोस! हा पेपर ते जपून ठेवतात. पुढे कधी डोक्याला लागलं की तसाच पेपर परत देतात आणि आधीपेक्षा गुण कमी पडले तर तीन आठवडे बाकावर बसवतात. म्हणून पहिल्याच वेळी बेताने चुकायचं. तीसपैकी अठरा. सोळा पडले तर संशय येतो, वीस पडले तर पुढे धोका. शब्द सहा सांगायचे, मधले गाळायचे. महिन्यांत एकदा अडखळायचं, वजाबाकीत दोनदा. आमच्या संघात सगळे याला ‘गाढवाचा पेपर’ म्हणायचे आणि सगळ्यांची तयारी मी करून घ्यायचे. तुझ्या बाबाने वर्षानुवर्षं असंच केलं आणि एक सीझन चुकवला नाही.

आईला सांगू नकोस. तिला खेळातलं काही कळत नाही.

आत्या


२४ मार्च

वहिनी,

तीन आठवडे झाले. उत्तर न देणं हे तुमचं जुनंच शस्त्र. भांडायला तोंड लागतं, रुसायला काही लागत नाही. फोनवर तर माझा नंबर तुम्ही केव्हाच बंद करून ठेवलाय.

तुम्ही गेलात तो दिवस मला आठवतो. मनगटाला पट्टी, एका हातात पेटी, दुसऱ्या हातात नऊ वर्षांची चिंगी, आणि जिन्यात उभ्या राहून मला म्हणालात, ‘वन्सं, हे पूर्वीचे राहिले नाहीत. त्यांना डॉक्टरकडे न्या.’ जसं काही मी दवाखान्यात झाडू मारते! दादाने ढकललं असेल, मान्य. पण संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच. त्याआधी वर्षभर तुमचं गाऱ्हाणं ऐकत होते. काय तर म्हणे, दूध उतू जातं तरी बघत उभे राहतात. एकच गोष्ट चारदा विचारतात. उजेड डोळ्यांना लागतो म्हणून भरदुपारी खिडक्या लावून बसतात. चिंगीला शाळेतून आणायला गेले आणि एकटेच परत आले. नवऱ्याचं लक्ष नसतं म्हणून बायका घर सोडायला लागल्या, तर जगात एक घर उभं राहायचं नाही.

आता ऐका. गुरुवारी सकाळी सात वाजता दादा कारखान्याच्या फाटकाशी उभा होता, हातात बूट घेऊन. मॅच आहे म्हणाला. वॉचमनने समजावलं तर त्याची गचांडी धरली. तिघांनी मिळून सोडवलं. एकेकाळी त्याला खांद्यावर घेऊन नाचणारेच हे तिघे, आणि परवा आपसांत हसत होते. एकजण मला म्हणतो, ‘ताई, हातोड्याचा दांडा सैल झाला वाटतं.’ मी त्याला असं सुनावलं की पुढचे दोन दिवस तो डोकेदुखीची गोळी मागायला आला नाही.

मॅनेजरने दादाला मेंदूच्या डॉक्टरकडे न्यायचं फर्मान काढलंय. ती म्हणे तिशीतली पोरगी आहे. माझी काही हरकत नाही. दवाखान्याच्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते, दादाचे चौदा वर्षांचे चौदा पेपर काढून ठेवलेत. ते तिच्यासमोर टाकते आणि सांगते, बाई, हा माणूस पहिल्यापासून असाच आहे, अठरावाला. मग बघू काय उजेड पाडते.


१४ एप्रिल

वहिनी,

तुम्हाला लिहिण्यात अर्थ नाही हे कळतं, पण या घरात दुसरं आहे कोण? दादाला सांगितलं तर तो ‘बरं’ म्हणतो आणि पाच मिनिटांनी विचारतो, काय झालं.

डॉक्टरीणबाई दिसायला अगदीच लेकुरवाळी, टेबलावर स्वतःच्या मुलाचं चित्र चिकटवलेलं. तिने दादाला दहा शब्द सांगितले. खुर्ची, नदी, साबण, तिकीट, लिंबू, घड्याळ, पूल, चमचा, टोपी, दिवा. आमच्याच यादीतले! जगात यांना दुसरे शब्द सापडत नाहीत वाटतं. थोड्या वेळाने परत विचारले तर दादाने चार सांगितले आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. मी मनात म्हटलं, पठ्ठ्या विसरलेला नाही. महिने उलटे म्हणताना तो सप्टेंबरवरून पुन्हा डिसेंबरला गेला. एका पायावर उभा राहताना पडायला आला, तिनेच धरला. एकूण नऊ गुण पडले.

मग मी माझे पेपर टाकले टेबलावर. तिने एकेक उलटून पाहिला, वरची तारीख आणि खालचे गुण.

‘यात तर चौदा वर्षांत काहीच घडलेलं दिसत नाही,’ ती म्हणाली.

‘तेच तर म्हणतेय मी.’

‘पण पहिल्याच पेपरात, बावीस वर्षांच्या धडधाकट माणसाला अठराच गुण? असं कसं?’

तेव्हा मी तिला युक्ती सांगितली. खरं सांगू का, ऐटीत सांगितली. वीस वर्षांत कुणाला पत्ता लागू दिला नाही म्हटलं. ती हसेल असं वाटलं होतं. तिने पेन खाली ठेवलं.

‘मग यातल्या कुठल्या वर्षापासून ते मुद्दाम चुकत नव्हते?’

हा काय प्रश्न झाला? मी तिला विचारलं, बाई, तुम्ही कधी बूट घालून मैदानात उतरलात का? माझा भाऊ आयुष्यात एकदाही बेशुद्ध पडलेला नाही. त्यावर ती शांतपणे म्हणते, बेशुद्ध पडावंच लागतं असं नाही. छोटे छोटे धक्के, ज्यांचं कुणाला काही वाटत नाही, तेच वर्षानुवर्षं हजारोंनी बसले की काहीजणांचा मेंदू आतून झिजत जातो. खेळ थांबला तरी ते थांबतंच असं नाही. विसरणं, संताप, तोल जाणं, उजेड सहन न होणं. खात्री मरणानंतर मेंदू तपासूनच करता येते, तोवर लक्षणं आणि हकिगत जुळवून अंदाज बांधायचा. म्हणून तिला तारखा हव्यात. कधी सुरू झालं, आधी काय झालं. ‘त्या काळात त्यांच्याजवळ कोण होतं?’ असं विचारलं.

मी म्हटलं, मी होते. आणि दादाला घेऊन निघाले. दार जरा जोरात लागलं.

उंटावरून शेळ्या हाकणारी जात ही. पण घरी येताना बसमध्ये दादा खिडकीशी बसला होता आणि प्रत्येक थांब्याला उठत होता, उतरायचं ना, उतरायचं ना करत. मी त्याचा सदरा धरून ठेवला होता.


२१ एप्रिल

वहिनी,

हे पत्र शेवटपर्यंत वाचा. मग हवं तर फाडा.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे बसल्या बसल्या माहीत होतं. मी दार आपटलं ते त्याचसाठी.

दादाच्या खेळाच्या बाराव्या वर्षी दवाखान्यात नवे डॉक्टर आले. त्यांनी नियम काढला, तिशी उलटलेल्यांना बाविसाच्या खाली गुण पडले तर संघातून वगळायचं. मी दादाला म्हटलं, ‘यंदा नाटक नको. येतंय तेवढं सगळं सांग.’ तो माझ्याच स्टुलावर बसला आणि मीच शब्द वाचले. सतरा पडले. मी वैतागून म्हटलं, ‘पुरे कर आता, वेळ जातोय.’ तो म्हणाला, ‘अगं, खरंच देतोय.’ पुन्हा घेतला. सोळा. कपाळाला घाम आला होता त्याच्या. मी हसले, वहिनी. म्हटलं, ‘चुकायची सवयच लागलीय तुला,’ आणि त्याला मैदानावर पाठवून नवा पेपर घेतला. माझं अक्षर मोत्यासारखं आहे, सगळे म्हणतात. त्या अक्षरात चोवीस गुण लिहिले. पुढच्या दोन वर्षी त्याला स्टुलावर बसवलंसुद्धा नाही. घरी बसून मीच पेपर भरले, तेही बेताने, तेवीस आणि बावीस. ऐटीत अठरावाला म्हणून मिरवत होते, आणि शेवटचे तिन्ही अठराचे नाहीत हे मी ते टेबलावर टाकताना माझ्याही ध्यानात राहिलं नव्हतं. डॉक्टरीणबाईने पाहिलं असणार, बोलली नाही.

त्याच बाराव्या वर्षी तुम्ही घर सोडलंत.

आणखी एक. तुम्ही गेल्यावर दादाला पत्रं लिहीत होतात. एकूण अकरा आली. त्याच्या हातात एकही पडलं नाही, सगळी माझ्या शिवणाच्या डब्यात आहेत. तो उत्तर देत नाही म्हणून तुम्ही थांबलात. उत्तर देणार कुठून? मी ती तेव्हाच फोडून वाचली होती आणि नाक मुरडून ठेवून दिली होती. सोमवारी पुन्हा वाचली. तुम्ही सगळं लिहिलंय. कुठल्या मॅचनंतर तीन दिवस डोकं धरून होता. कुठल्या महिन्यात चिंगीचं नाव आठवेना म्हणून तिला ‘ए मुली’ म्हणाला आणि मग मोरीत जाऊन रडला. तुम्हाला ढकललं त्यानंतर तासाभराने येऊन विचारलं, ‘हाताला काय झालं?’ त्याला खरोखर माहीत नव्हतं. हे तुम्हाला तेव्हा कळलं होतं आणि तरी तुम्ही लिहिलंत, ‘मी रागावून गेले नाही, घाबरून गेले. डॉक्टरांना दाखवलंत तर परत येईन.’

मी ती अकरा पत्रं डॉक्टरीणबाईकडे नेऊन दिली. तिने पहिलं वाचलं आणि माझे चौदा पेपर बाजूला सरकवले, टेबल पुसताना कचरा सरकवतात तसे. म्हणाली, ‘याला म्हणतात हकिगत.’ ज्या बाईला मी सात वर्षं अडाणी म्हणत आले, तिने विणकाम करता करता जे पाहिलं, ते मला दवाखान्यात बसून दिसलं नाही. दिसलं नाही हेही खोटं. दिसलं आणि दुरुस्त केलं.

माफी मागत नाहीये. ती मागायला तोंड लागतं. विचारायचंय ते एवढंच. मार्चमध्ये चिंगीसाठी चिठ्ठी पाठवली होती. ती तुम्ही तिला दिलीत का? दिली नसेल तर जाळा. दिली असेल तर तिने पेपर अजून दिला नाही ना, ते कळवा. एक ओळ लिहा. शिव्या घालून लिहा, पण लिहा.


३ मे, सकाळ

वहिनी,

हे पत्र पोस्टात टाकत नाहीये, तुमच्या दाराखालून सरकवणार आहे. बेल वाजवली तर भिंगातून माझं तोंड बघून तुम्ही उघडणार नाही, आणि तुमच्या जागी मीही उघडलं नसतं.

परवा पोस्टमनने दोन गोष्टी एकदम दिल्या. मार्चमधल्या पहिल्या पत्रानंतरची माझी तिन्ही पत्रं, न उघडता, वर तुमच्या अक्षरात ‘परत’. मी तुमची फोडून दडवली, तुम्ही माझी न फोडता परत केलीत. ज्याची त्याची लायकी. आणि दुसरं, चिंगीचं पत्र. ते इथे उतरवते, कारण ते तुम्ही वाचलेलं नाही.

‘आत्या, आईने तुझी चिठ्ठी न वाचता मला दिली. म्हणाली, तुझ्या नावाची आहे, तुझी तू वाच. आत्या, जमलं! बरोब्बर अठरा पडले, कुणाला काही कळलं नाही. मी संघातल्या चौघींना पण शिकवलं. आणि तू म्हणालीस तसंच झालं! गेल्या आठवड्यात सरावात एका मुलीच्या डोक्यावर माझं डोकं आपटलं. थोडं गरगरलं, दोनदा उलटी झाली, आता उजेडात डोकं दुखतं फक्त. परत पेपर घेतला, या वेळी मुद्दाम काही चुकले नाही, तर मला एकोणीस! आधीपेक्षा एक जास्तच! डॉक्टर म्हणाले, खेळ बिनधास्त. शनिवारी फायनल आहे. बाबांना सांग. ते अजून उडतात का?’

शनिवार म्हणजे उद्या.

एकोणीस म्हणजे काय ते तुम्हाला कळावं म्हणून सांगते. या पोरीने नीट पेपर दिला असता तर तिला एकोणतीस पडले असते. आता जीव तोडून एकोणीस पडलेत आणि मधले दहा गेले कुठे, हे विचारणारं कुणी नाही, कारण ते दहा आधीच मी लपवायला शिकवलं. उलटी, गरगर, उजेड. ही यादी तुम्हाला पाठ आहे. ती मी तुमच्याच पत्रांत वाचली.

वीस वर्षं मी मैदानाबाहेर बसून लोकांची डोकी मोजली. डॉक्टरांना फसवलं म्हणून मिरवले. दोन अक्षरं जास्त शिकलेलं गाढव मी, आणि त्या पेपराला नाव मात्र बरोबर पडलं होतं. आत पाकिटात एक कागद आहे, माझ्या सहीचा, शिक्क्यासह. पेपर कसे चुकवले, कोणाचे भरले, चिंगीला काय शिकवलं, त्या चौघींचंही, सगळं लिहिलंय. तो आजच तिच्या संघाच्या डॉक्टरांना द्या. त्याने माझी नोकरी जाईल, तर जाऊ दे. परत आलेली पत्रंही आत आहेत, २१ एप्रिलचं आधी वाचा. मला घरात घेऊ नका. चहापाणी नको. फक्त तिला उद्या मैदानात उतरू देऊ नका. ती रडेल, आपटेल, तुम्हाला काही कळत नाही म्हणेल. म्हणू दे. ते वाक्य तिला मीच शिकवलंय.

ऐकलंच नाही तर तिला जिन्यात पाठवा. मी खालच्या पायरीवर बसले आहे आणि दादा बरोबर आहे. त्याला घरी एकटं ठेवता येत नाही. सकाळच्या गाडीने आलो. कुणाचं घर हे त्याने सहा वेळा विचारलं, सहाही वेळा मी सांगितलं, आणि दर वेळी त्याने सदऱ्याची कॉलर नीट केली.

लिहिता लिहिता वेळ जावा म्हणून आत्ता त्याला दहा शब्द सांगितले. परत विचारले तेव्हा त्याने कठड्यावर एकेक बोट टेकवलं. मग म्हणाला, नदी. साबण. आणि थांबला. मग माझ्या कानाशी येऊन, कुणी ऐकू नये असं हळूच विचारलं, ‘बरोबर चुकलो ना गं?’

मी हो म्हटलं. वहिनी, दार उघडा.